अब्जातले त्रेचाळीस

महापेला, शेडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा.
खाली अत्तराचा कारखाना,
म्हणून इथे शिसंसुद्धा मोगऱ्याच्या वासात मोजलं जातं.

नमुना क्रमांक एकशे अठरा. जांभूळ रस.
प्रेषक: द्रुपदा उघडे, बचत गट, आटगावच्या पलीकडून.
बाटली गुलाबपाण्याची, झाकणाला मेण,
चिठ्ठीवर बॉलपेनने: पाणी घातलेलं नाही.

मी रसात तेजाब घालते.
जांभळा आधी लाल होतो, मग पिवळट, मग नुसता पारदर्शक.
जे ऊन होतं, साल होती, साखर होती
ते वाफ होऊन पंख्यातून पारसिकच्या कापलेल्या डोंगराकडे जातं.
खाली उरतं
जे जळत नाही ते.

यंत्र त्याला ज्वालेत फुंकतं
आणि शाळेतल्यासारखी हजेरी घेतं.
लोह, हजर. मँगेनीज, हजर;
ही दोघं तांबड्या मातीची, येणारच.
जस्त थोडं.
कथील?
कथील कसं काय?
शिसं: अब्जातले त्रेचाळीस.

अहवाल गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी ती स्वतःच आली,
आसनगावहून तीन गाड्या बदलून.
रुमालात मुळाशेजारची माती,
बाटलीत विहिरीचं पाणी,
आणि पानात गुंडाळलेली मूठभर जांभळं,
"खाली पडलेली नाहीत, तोडलेली आहेत."
हमरस्ता डोंगराच्या त्या अंगाला, म्हणाली.
"औषध कधी मारलं नाही. मारणार कोण?
वरच्या फांदीला वानरंच पोचतात."

तीन तपासण्यांचे पैसे तिच्याकडे नव्हते.
मी वहीत लिहिलं: यंत्राची पडताळणी.

माती, मातीसारखी.
पाणी स्वच्छ.
फळात शिसं: आढळले नाही.
ते तीन शब्द मी तिला दोनदा वाचून दाखवले.

म्हणजे झाड आणि बाटली यांच्या मधे कुठेतरी.
रस तापवता कशात?
तिचा चेहरा उजळला.
वर्गणी काढून घेतलेलं पितळी पातेलं,
एवढं मोठं, दोघींना धरावं लागतं,
आणि आत्ताच कल्हई केलेली,
बाजारात एकजण बसतो, निम्म्या दरात करून देतो,
"अशी झाली बाई, तोंड दिसतं आत."

कथील महाग, शिसं स्वस्त,
चकाकी दोघांची सारखीच, मी म्हटलं.
आंबट तुरट रस तापला की भांडं चाटतो.
त्याला निम्मा दर कळत नाही.

ती बराच वेळ आपल्या जांभळ्या नखांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "झाडाची चूक नाही ना?
तेवढं कागदावर लिहून द्या."

साठ बाटल्या शिल्लक होत्या.
विहिरीजवळ ओतायच्या नाहीत, झाडाखाली तर नाहीच,
हे तिनंच ठरवलं.
पुढच्या बुधवारी टेम्पोत खडखडत आल्या सगळ्या,
आमच्या निळ्या पिंपात, टाकाऊ तेजाबाशेजारी,
साठ वेळा जांभळं ओतलं आम्ही दोघींनी.
खालून मोगरा येत होता.

बाटल्या तिनं नळाखाली विसळल्या, पोत्यात भरल्या.
जाताना विचारलं, "काचेत तर काही नसतं ना?"
नाही, मी म्हटलं, ठामपणे.
आणि ती जिन्याकडे वळल्यावर हाक मारून
एक बाटली
ठेवून घेतली.