दुसरा ब्रेक

एकतीस वर्षं माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक होता.
शिकणाऱ्याचा शिकणाऱ्याकडे, माझा माझ्याकडे.
गोल्फ क्लबच्या मैदानापासून सकाळी साडेसहाला निघायचं,
पहिला गिअर, फार तर दुसरा,
आणि मी डावीकडच्या सीटवर
पेपर वाचतोय असं दाखवत
तळव्याने रस्ता ऐकत बसलेला.

मंजूषा दुसाने त्यातलीच. दोन हजार चारची बॅच.
क्लच सोडताना डोळे मिटायची.
आज नवी गाडी घेऊन दारात.
म्हणाली, बसा सर, हिच्यात तुम्हीच आहात.

बसलो. खाली पाहिलं.
नुसतं कार्पेट.

पाथर्डी फाटा सोडला, हायवेला लागलो.
तिने एक बटण दाबलं, पाय मागे घेतला
आणि गाडी पुढच्या टँकरमागे
उसनं सोनं घालून वरातीत निघालेल्या बाईसारखी
अंतर राखून चालू लागली.
टँकर थबकला, ही थबकली.
टँकर निघाला, ही निघाली.
चाक पट्ट्याकडे कललं की स्टिअरिंग आपणहून
बोटभर आत.

हे बोटभर मी ओळखतो.
माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच जायची चाकाकडे,
न बोलता,
समोरच्याचा अपमान होणार नाही इतपतच.

दर थोड्या वेळाने पडदा म्हणतो, हात ठेवा.
मंजूषा चाक जरासं हलवते,
उतू जाणाऱ्या दुधात पळी फिरवावी तसं.
'आमचे हे तर पाण्याची बाटली अडकवतात, सर.
गाडीला वाटतं, हातच आहे.'
मी म्हटलं, त्यांना माझ्याकडे पाठव.
ती हसली. मी हसलो नव्हतो.

विल्होळीच्या पुढे रस्ता रिकामा
आणि कचकन ब्रेक.
पुढे काही नाही.
पुलाची सावली असेल,
नाहीतर टोमॅटोच्या क्रेटवरून उडालेला कागद.
मागचा पिकअपवाला हॉर्नवर झोपलाच.
शिवी काचेतून आत आली नाही, तोंड दिसलं.
'होतं असं, महिन्यातून दोनदा.'

मी गप्प.
मीही मारलाय असा ब्रेक. निमाणीजवळ,
एका कुत्र्यासाठी, जे नव्हतं.
बागूल नावाचा पोरगा होता चाकावर.
पुन्हा आला नाही,
उरलेली फी मागायलाही.

वाडीवऱ्हेहून आत वळलो तसे पट्टे संपले.
पडद्यावरच्या दोन हिरव्या रेघा राखाडी झाल्या,
टुंग वाजलं,
यंत्राने हात वर केले.
अर्ध्या रस्त्यावर भाताचा पेंढा,
उरलेल्या अर्ध्यावर ऊन.
आणि वळणावर एक भारा आपल्या आपण चालत येतोय,
खाली फक्त दोन पाय.

माझी टाच कार्पेटमध्ये रुतली.
पण गाडी त्याआधीच मंदावली होती.
मंजूषाचे हात दहा वाजून दहा मिनिटांवर,
डोळे उघडे,
भाऱ्याखालच्या बाईला जागा देत
डावं चाक तिने मातीत उतरवलं होतं.

विसाव्या दिवशी मी दोन्ही पाय वर घ्यायचो,
सीटवर मांडी घालून बसायचो.
पोरांना वाटायचं, सर आज आळसात आहेत.
ह्या गाडीला कोणी सांगितलंय का
विसावा दिवस कधी येतो?
की ती अशीच बसणार, जन्मभर,
पाय खाली सोडून?

परतताना द्वारकेच्या गर्दीत तिने बटण दाबलंच नाही.
रिक्षा, एसटी, उलटा येणारा स्कूटरवाला,
सगळ्यांना हाताने निस्तरत विचारलं,
'किती मार्क, सर?'
'कोणाला?' मी म्हटलं.

घरापाशी उतरलो.
कार्पेटवर माझ्या टाचेचा खळगा पडला होता.
मी चपलेने पुसायला लागलो
तर म्हणाली, असू द्या.