टप्पा

कामठी सुटली तेव्हा अंधार होता.
पाच जण, तीन टॉर्च,
आणि हेडाऊंच्या पिशवीत तर्रीचा डबा. हवाबंद, म्हणे.
कन्हानच्या पुलावरच वास सुटला.

पुढे हायवे नको, असं ठरलेलं.
नहराच्या पाळीने चाललो.
पऱ्हाटीवर दहिवर,
टिटवी ओरडत पुढे पुढे,
जणू आम्हीच तिची अंडी उचलून निघालोय.

निनावेबाई चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर.
रामटेकची तिकिटं फाडून बोटं काळी.
‘पण उतरून कधी पाह्यलंच नाही,’ म्हणाल्या,
‘नजर सारी सुट्ट्यावर.’

ऊन डोक्यावर आलं तसं बोलणं आटलं.
माझ्या डाव्या टाचेला फोड.
मडावींचा पोरगा मोबाइलवर पावलं मोजत होता,
एकतीस हजारांनंतर त्यानेही सोडलं.

मग तुरीतून रोही निघाला.
ओल्या पाटीच्या रंगाचा,
गळ्याखाली केसांचा झुबका,
वाटेत आडवा उभा.
दहा पावलांवर. एक कान तेवढा हलला.
हेडाऊंच्या तोंडात बिस्कीट तसंच.

किती वेळ, सांगता येणार नाही.
घाई त्याला नव्हती,
आम्हाला होती का, तेही विसरलो.
तेव्हा निनावेबाईंनी हवेत हात नेऊन
नसलेली दोरी दोनदा ओढली.
आवाज नाही.
रोही गेला.

या गोष्टीवर कोणी हसलं नाही,
पार गडावरचे दिवे दिसेपर्यंत.
चार किलोमीटर उरले होते.
टाच पेटलेली. मी दगडावर बसलो,
‘तुम्ही व्हा पुढे,’ म्हणालो.

बाई वळल्या.
बोलल्या काहीच नाहीत,
फक्त हात वर नेला.