सात किलो दोनशे

बॅग मी बेदाण्याच्या काट्यावर ठेवली
परवा, सौदे उठल्यावर, शेड झाडून झाल्यावर.
सात किलो दोनशे.
दस्तगीरचाचा म्हणाला, अर्धीच पेटी की गं,
एवढ्यासाठी काय बोट हलतीय!
आणि उरलेल्या स्टिकरांतलं एक
बॅगेच्या पाठीवर थापलं:
हायफाँग. वरची बाजू वर. पाण्यापासून जपा.

एकोणीस वर्षं मी हीच गावं चिकटवत आले,
आधी खळीनं, मग टेपनं.
रिगा. कोलंबो. कासाब्लांका.
हायफाँगला हमाल हाफपँट म्हणायचे.
'हाफपँटच्या दीडशे भरा' अशी हाळी यायची
आणि मी वहीत ती शुद्ध करून लिहायची.
एकदा तिकडची एक पेटी परत आली,
तळाला ओल धरलेली,
कडेला कुणीतरी पेनानं चार शब्द लिहिलेले.
अक्षरांच्या डोक्यावर छपरं, छपरांवर टिंबं.
ज्या गावात अक्षरांना मात्रा देतात
ते काही अगदीच परकं नसणार,
असं मला तेव्हा वाटलं.
पासपोर्ट त्यानंतर सहा वर्षांनी काढला.

आज पहाटे पाच वीसची तासगाव-पुणे.
कंडक्टरनं न विचारता अर्धं तिकीट दिलं.
पलूसला एक बाई चढली,
मांडीवर कोथिंबिरीची पेंडी.
कुठं निघालाय?
पुण्याला. भाचीकडं.
बाळंत हाय व्हय?
हो म्हटलं.
मग कराडपर्यंत
त्या नसलेल्या बाळंतिणीला मुलगा झाला,
कावीळ झाली त्याला,
कोवळ्या उन्हात धरायचं ठरलं, सकाळी आठाच्या आत.
उतरताना बाईनं कनवटीतून पन्नासाची नोट काढली,
माझ्या मुठीत कोंबली.
बाळाच्या हातावर ठेवा, म्हणाली,
मोकळ्या हातानं बघू नये.
मी तोंड उघडलं तोवर
ती तिच्या कोथिंबिरीसकट गर्दीत गेली होती.

साताऱ्याला गाडी वीस मिनिटं.
एकटीनं निघणं म्हणजे काय ते तिथं कळलं:
जरा बॅगेकडं बघ, असं म्हणायला
कुणी नसणं.
आजवर मी बसायची, बाकीचे जाऊन यायचे.
महाबळेश्वर म्हणजे माझ्यासाठी
सहा पिशव्या आणि एक वॉटरबॅग.

म्हणून बॅग पाठीवर घेऊनच आत गेले.
कडी लागेना.
एका हातानं दार धरून,
त्या तीन बाय तीनच्या ओल्या जागेत
मी आणि हायफाँग,
वरची बाजू वर,
पाण्यापासून जपत.
हसू आलं. मग जरा रडूही.
कुणी दार वाजवलं म्हणून तेही आवरलं.

बाहेर पैसे घेणारी पोरगी म्हणाली,
ओझं घिऊन कशाला जायचं? हितं ठेवायचं की.
मग तिनं स्टिकर वाचलं,
एकेका अक्षरावर बोट ठेवत,
शाळेत वाचतात तसं.
हे कुठं आलं?
का कोण जाणे, तिलाच खरं सांगितलं.
लांब आहे. समुद्रापलीकडं. मी चाललेय.
कोण कोण?
मीच.
तिनं माझ्या चपलांकडं बघितलं,
मग दहाच्या नोटेकडं.
सुट्टं न्हाईत, म्हणाली,
पाच येताना न्या.

आता वाईफाटा मागं गेलाय,
खंबाटकीचा बोगदा झालाय.
सवयीनं वहीच्या पहिल्या पानावर ओळ आखली:
देणे, पन्नास, पलूस.
येणे, पाच, सातारा.
पन्नासाची नोट पासपोर्टात ठेवलीय.
तिचं काय करायचं, अजून सुचलं नाही.
तिकडं एखादं बाळ असेलच कुणाचं तरी.

फोन वाजला. चाचा.
माल कुठवर?
खिडकीबाहेर एकदम पाणी दिसलं, रुंद,
नीरा असणार, म्हणजे जिल्हा इथं संपतो.
सांगते, थांब, म्हटलं
आणि पाटी वाचायला मान वळवली.
पूल तेवढ्यात संपला होता.