ओलं की सुकं

गुरुवारी पाचवा तास माझाच असतो,
पण गणिताचा नसतो.
विजयनगरच्या हॉटेलात दोन दिवस प्रशिक्षण झालं,
जेवणात पनीर होतं, निघताना एक फाइल दिली
आणि गुंडाळलेला तक्ता:
सहा गोल, सहा चेहरे, खाली हिंदीत नावं.
खुशी, दुख, गुस्सा, डर, घिन, अचरज.
मुलांनी आधी तीनदा श्वास घ्यायचा
मग आपल्या नावाची चिठ्ठी
आजच्या चेहऱ्याखाली लावायची. बस्स.

सत्तावीस वर्षं मी भागाकार शिकवलाय.
श्वास कुणी कसा घेतो, कधी पाहिलं नाही.

पाचवी ब वर्गीकरणात सराईत.
इंदूरची पोरं ही,
सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं
की डोळे चोळत जिना उतरतात.
साल इकडे, पिशवी तिकडे, संपलेला सेल वेगळा,
चुकलं तर गाडीवाले भैया परत पाठवतात.
त्यांना सहा चेहऱ्यांचं काय!
लोकेंद्र दर गुरुवारी 'खुशी'त,
कारण तो गोल त्याच्या बाकाजवळ आहे.
इरफानने एकदा चिठ्ठी फाडून
दोन ठिकाणी लावली. मी चालवून घेतलं.

कौमुदी पळशीकर मात्र
चिठ्ठी हातात घेऊन उभीच.
घंटा झाली तरी उभी.
काय गं, म्हटलं, मराठीत.
या वर्गात ती आम्ही दोघीच बोलतो, हळू आवाजात.
म्हणाली, मॅडम, मला चुटपुट लागलीय.
ती यांच्यात नाहीये.

दप्तरातून तिने फूटपट्टी काढली.
निळी, सात आकड्यापाशी चावलेली.
निलोफरची.
निलोफर दाखला काढून देवासला गेली.
शेवटच्या दिवशी या पट्टीवरूनच भांडण झालेलं,
डब्याच्या सुटीत कौमुदी
तिच्याकडे पाठ करून बसली होती.
"गुस्सा नाही, तो तेव्हा होता.
दुखपण नाही, मी जेवते नीट."
मग पट्टी दोन्ही हातांत धरून,
"हे ओलं की सुकं, मॅडम?"

फाइलीत, पान सतरा:
मूल अडले तर जवळचा चेहरा सुचवावा.
मला सुचला हरगोविंद चौरसिया,
दोन हजार एक साल, दुसरा बाक.
त्याने लिहिलं, बाकी शून्य.
मी कानशिलात दिली.
मग फळ्याकडे पाहिलं. शून्यच होती.
मी फळा पुसला
आणि पुढचं गणित घातलं.

तक्त्याखाली भिंतीवर खडूने
एक सातवा गोल काढला.
डोळे, तोंड, काही काढलं नाही.

पुढच्या गुरुवारी तिथे तीन चिठ्ठ्या.
ये चुटपुट क्या होता है, कुणीतरी विचारलं.
कौमुदी म्हणाली, अरे, भाग देने के बाद
जो बच जाता है ना, वो.
हे मी तिला शिकवलेलं नाही.

महिन्याच्या अहवालात रकाने सहाच.
पटावर बेचाळीस, बेरीज एकोणचाळीस.
ऑफिसातून फोन येतो, तीन बच्चे गैरहाजिर थे क्या?
नाही, म्हणते, होते की.

देवासचा पत्ता कुणाकडेच नाही.
कौमुदी आता त्याच पट्टीने समास आखते.
सातापाशी रेघ
जराशी आत जाते, आणि पुन्हा सरळ होते.