चालक कोण, ते लिहायचं नाही

बसा, एम्रिस. कोट राहू दे अंगात,
वाचनालयाचा हीटर सोमवारपासून रुसलाय.
पाकीट द्या इकडे. रागात फाडलंत ना?
अॅबरडेरमधली अर्धी पाकिटं अशीच येतात माझ्याकडे,
दर गुरुवारी, कडेने कुरतडल्यासारखी.

पहिलं हे ऐका : हा दंड नव्हे.
लाल अक्षरं, काळी चौकट, कोपऱ्यात तराजू,
सगळं सोंग. ना कोर्ट, ना नगरपालिका.
एका कंपनीचं बिल आहे हे,
पोलिसाची टोपी घालून दारात उभं राहिलेलं.
चौदा दिवसांत भरा, निम्म्यात सोडतो, म्हणतात.
ही दया नव्हे, घाई आहे, आणि घाई त्यांची.
पण म्हणून खणात टाकून विसरूही नका.
न उघडलेली पत्रं खणात पिल्लं घालतात.

तारखा बघू.
गाडी उभी होती नऊ जानेवारीला.
पत्र निघालं सव्वीस फेब्रुवारीला. वा!
चौदा दिवसांत दारात यायला हवं होतं,
तरच गाडी ज्याच्या नावावर त्याला धरता येतं.
आता म्हणावं, चालवणाऱ्याला शोधा,
आणि तो कोण हे सांगायला आपण बांधील नाही.

तेव्हा नीट लक्षात ठेवा,
'मी गाडी लावली' असं लिहायचं नाही.
'आम्ही गेलो', 'ती म्हणाली', काही नाही.
लिहायचं : गाडी उभी करण्यात आली.
कर्ताच नको वाक्यात.
जणू आपली आपणच आली, आपणच गेली.

गप्प का झालात?

बरं, पावती आणलीत? शाबास.
पिवळा रंग, एक डबा. ब्रश, दोन.
मागच्या दाराला लावायचा होता का?
वेळ, बारा अडतीस.
आणि कॅमेऱ्याचे हे फोटो : आत, अकरा चार.
बाहेर, एक एकवीस.
दोन तास फुकट, वरची सतरा मिनिटं महाग.
म्हणजे पैसे देऊन झाल्यावर
त्रेचाळीस मिनिटं गाडी तिथंच होती...

'रांग फार होती, म्हणाली.'

रांग नव्हती, एम्रिस.
पावतीवर काउंटरचा नंबर आहे, एकटाच चालू होता,
तरी बारा अडतीसला ती मोकळी झाली होती.
मग बसून राहिली असेल गाडीत,
डबा मांडीवर घेऊन, दम परत येईपर्यंत,
हात स्टिअरिंगवर स्थिर होईपर्यंत.
काचेतून दिसतोय बघा, दुसऱ्या फोटोत,
स्कार्फचा तुकडा. नाही, तो डाग नाही.

अकरा दिवसांनी गेली ना ती?

माफ करा. मी पगारपत्रकं केली आयुष्यभर,
आकडे दिसले की बोलत सुटते.
चला, पत्र लिहू. तारखेचा मुद्दा वर,
खाली पाटीचा, ती लॉरेलच्या झुडपाआड आहे,
मी स्वतः जाऊन फोटो काढलाय, गुडघे ओले करून.
ते नाही म्हणाले तर वर स्वतंत्र लवाद आहे,
अठ्ठावीस दिवस मिळतात, फी लागत नाही.
'गाडी उभी करण्यात आली...'

'नाही, ग्लेनिस. तसं नको.
नेस्टा चालवत होती, असं लिहा.'

अहो, मग तारखेचा मुद्दा हातचा जातो.
बिल तिच्या नावाने येईल पुढचं.

'येऊ दे.
तिच्या नावाने हल्ली काहीच येत नाही.'

...

लिहिलं.
'नेस्टा प्यू.' स्पेलिंग बघून घ्या.
'चांगली चालवायची', हे त्यात बसत नाही,
पण राहू दे, मी खोडत नाही.
मूळ पावती देऊ नका कुणाला, नक्कल जोडा,
फोटो तर मुळीच परत करायचा नाही, तो तुमचा.
आणि पोस्टात गेलात की पाठवल्याचा दाखला मागा,
फुकट देतात, पण मागावा लागतो.
आज पेन्शनचा दिवस.
रांग असेल तिथे, खरीखुरी.