सुमारे

मुओनिओच्या पुढे रस्ता संपत नाही, फक्त दिसेनासा होतो.
बर्फाखाली पांढऱ्या रेषा, बर्फावर पांढरा उजेड,
आणि काचेमागचा कॅमेरा
सुईत दोरा ओवून ओवून दमलेल्या माणसासारखा.
आता सगळी भिस्त टपावरच्या दोन डब्यांवर.

डावा महागडा. त्याच्या किमतीत
आईचं रोवानिएमीतलं स्वयंपाकघर नव्यानं झालं असतं.
तो बोटाच्या पेराएवढा चुकतो, तेही नाइलाजानं.
उजवा हातमोज्यांच्या जोडीइतका स्वस्त.
उद्या तोच बसणार आहे
हप्त्यांवर घेतलेल्या गाड्यांत,
सुईणींच्या, पोस्टमनच्या, उशिरा सुटणाऱ्या स्वयंपाक्यांच्या.
माझं काम एवढंच: दोघांना एका टपावर हिंडवायचं
आणि सेकंदाला दहा वेळा लिहून ठेवायचं
की स्वस्त महागापासून किती लांब उभा आहे.

शून्य पूर्णांक आठ.
एक पूर्णांक एक.
पाइनच्या दाटीत दोन पूर्णांक तीन,
म्हणजे त्याच्या मते आपण आत्ता
समोरून येणाऱ्या ओंडक्यांच्या ट्रकच्या मांडीवर.
स्टिअरिंग हळूच उजवीकडे ओढ घेतं,
ओउला दोन बोटांनी ते जागेवर आणतो,
जेवणाच्या ताटाकडे झुकलेल्या कुत्र्याला सारावं तसं.

तेवीस हिवाळे त्यानं या रस्त्यावरचा बर्फ ढकलला.
आता गुडघा त्या उंच गाडीची पायरी चढत नाही, म्हणून आमच्याकडे.
मी विचारलं, एक मीटर म्हणजे नेमका किती वाटतो तुला?
तो बराच वेळ गप्प. एक पूल मागे गेला.
"पहिल्या उन्हाळ्यातलं रेनडिअरचं पाडस," म्हणाला,
"नाकापासून शेपटीपर्यंत."
तेव्हापासून माझ्या तक्त्यात
दशांश चिन्हाच्या डावीकडे काहीतरी पाय दुमडून बसलेलं असतं.

कडेच्या काठ्या त्यानंच रोवल्यात,
ऑक्टोबरात, जमीन लोखंड व्हायच्या आधी.
"काठी वाकडी असली तर?"
"तर ती वाकडी आहे हे मला ठाऊक असतं."

पालोयोएन्सूजवळ आभाळ पेटलं.
हिरवं, मग कडेला जांभळं, सगळं हलतं.
पर्यटकांची बस थांबली, माणसं माना वर करून उभी.
मी मान खाली घालून आकडे बघत होते:
वीस हजार किलोमीटरांवरून येणारा क्षीण निरोप
त्या हिरव्यातून गाळला जात होता, अडखळत होता.
चार मीटर. सहा. नऊ.
महागड्याचाही आवाज जरा कापला.
स्वस्त तर सरळ नदीत उतरला,
आणि नदीत उभा राहून शपथेवर सांगत राहिला:
चूक फार तर तीस सेंटिमीटर.

चुकण्याचं मला काही नाही.
अंदाजपंचे दाहोदरसे चालतच माणसं इतक्या उत्तरेला आली.
पण बुडताना असं ठणकावून बोलणं.

कारेसुवान्तोच्या मोटेलात रात्री तीनपर्यंत बसले.
हीटर खोकत होता. मी त्याला अधिक अचूक केलं नाही,
ते त्या किमतीत होत नाही,
फक्त स्वतःभोवतीचं वर्तुळ मोठं काढायला शिकवलं.
दुसऱ्या रात्री आभाळ पुन्हा पेटलं.
वर्तुळ फुगलं, रस्त्याबाहेर गेलं,
मग एक बारीक टिंग,
आणि स्टिअरिंग ओउलाच्या हातात सैल पडलं.
"काय झालं?"
"त्याला माहीत नाही, असं म्हणतोय."
ओउलानं टपाकडे पाहिलं, पहिल्यांदाच, जरा आदरानं.

हेन्रीकाला माहितीपत्रकासाठी एकच आकडा हवा होता.
मी दीड लिहिला. त्याआधी 'सुमारे' लिहिलं.
तिनं ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं.

एप्रिलात आमच्या अंगणातला बर्फ उतरला,
खालच्या पिवळ्या रेषा वर आल्या, आणि दिसलं:
हिवाळाभर, रोज संध्याकाळी,
ओउला गाडी लावत होता दोन जागांच्या मधल्या रेषेवर,
तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही.