कमान

पहाटेचं पहिलं पाऊल मी भिंतीला धरून टाकते.
टाचेत खिळा.
मग खानावळीत अकरा तास उभी,
पायात निळी स्लीपर, झिजून पापड झालेली,
अंगठ्याच्या पट्ट्याला सेफ्टी पिन.

सीपीआरच्या डॉक्टरनं एक्स-रे बघितला, म्हणाला,
पावलाला कमान नाही तुमच्या, आधार पाहिजे.
म्हटलं, आधार आहे की. कार्डावर.

सुभाषनगरात सातप्पा व्हटकरानं
एक्स-रे पाकिटातनं काढलाच नाही.
बादलीत पाय बुडवायला लावला,
शहाबादीवर उभं केलं, म्हणाला, हो बाजूला.
फरशीवर माझं अख्खं पाऊल,
मधे कुठंच कोरडं नाही.
"रोज भवानी मंडपाच्या कमानीखालनं जातीस न्हवं,
आणि तुझ्या पायाखाली एक बी न्हाई?"

दोन तळांच्या मधे त्यानं
चामड्याचे तुकडे ठेवले, घासले,
पुन्हा ठेवले. जाडी किती? गार भाकरीएवढी.
त्याची सून तोवर वेणी घालत होती, मान वर न करता.

उठताना दिसलं, त्याच्या स्वतःच्या पायात
तसलीच निळी स्लीपर.
"आमचा जन्म मांडी घालून गेला, बाई.
कमान पाठीला आली."

पहिले चार दिवस चप्पल चावली. तेल पाजलं.
आता फोडणी देताना मधेच ध्यानात येतं
की मघापासून पाय आठवला नाही.

मोरीतून निघताना अजून मागं वळून बघते.
ओलं पाऊल तसंच, अख्खं.
माझी कमान घरात नसते,
उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली असते.